स्वार्ब्रिकबाईंची हाकेची पेटी

फ्लीटवुड,
गुरुवार सकाळ, धुकं

तीर्थस्वरूप एव्हिस मावशीस,

खाडीच्या अलीकडच्या काठावरून रोवेनाचा वाकून नमस्कार (वाकले आहे, पण टेबलाला धरून). तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर मला पाठ आहे. रविवारी फोनवर तू म्हणालीस, "मला काय धाड भरलीय, ठणठणीत आहे." मागे तुझ्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. तू नेहमी त्याच्याच खाली उभी राहून बोलतेस, त्यामुळे मला अर्धी तू ऐकू येतेस आणि अर्धं घड्याळ. ईस्टरला तुझ्या मनगटावर जो जांभळा डाग होता तो दाराच्या कडीचा, हेही तू सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. आपल्या घराण्यात ऐकून घेतात. माझ्या प्रकृतीबद्दल लिहायचं तर पेन आपोआप "मी बरी" इथपर्यंत गेलं होतं. ते शब्द खोडले आहेत, वर डाग दिसेल. हे वाक्य सध्या मला बंद आहे. का बंद आहे तेच सांगायला हे पत्र. लांबेल, तेव्हा चष्मा शोध आणि चहा घेऊन बस.

फेब्रुवारीत तपकिरी पाकीट आलं. तपकिरी पाकीट दारातून आत पडताना वेगळा आवाज करतं, पांढऱ्यासारखा नाही (पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला, आमच्याकडे सगळीच सारखी पडतात, पण बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही). अपंगत्वाच्या भत्त्याची फेरतपासणी, आणि तीही घरी येऊन. दोन वर्षांपूर्वीची तपासणी तुला आठवत असेलच. एक सभ्य गृहस्थ आले होते. मी ओठांना रंग लावून दार उघडलं. कशा आहात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बरी आहे, तक्रार नाही. मग पाहुण्याला कोरडं कसं बसवायचं म्हणून चहा केला, आणि ट्रेमध्ये दोन कप, दुधाचं भांडं आणि आल्याची बिस्किटं घालून तो बोळातून बाहेरच्या खोलीपर्यंत नेला. त्या ट्रेचं वर्णन अहवालात चार ओळींचं होतं. माझ्या मज्जातंतूंच्या दुखण्याचं दीड ओळीचं. गृहस्थ गेल्यावर मी बोळात आडवी झाले आणि तिथेच संध्याकाळ झाली, पण ते बघायला कुणी नव्हतं, म्हणून ते घडलं नाही. भत्ता बंद झाला. गाडी परत न्यायचं पत्र आलं. अपील करून सगळं परत मिळवायला अकरा महिने गेले, आणि त्या अकरा महिन्यांत मी तुझ्याकडे एकदाही आले नाही. बसने येते असं तू समजू नयेस म्हणून मी सर्दीची कारणं सांगितली होती. एवढ्या सर्द्या कुणाला होतात, मावशी.

तर यावेळीही प्रश्न गाडीचा आहे, बाकी कशाचा नाही. हाताने ब्रेक लावायची ती गाडी भत्त्याला बांधलेली. भत्ता गेला की गाडी जाणार, गाडी गेली की एक रविवार सोडून एक रविवार खाडीला वळसा घालून बॅरोला येणं जाणार. मग आपण दोघी दोन काठांवर बसून एकमेकींना "बरी आहे" म्हणत राहणार, आणि धुकं नसेल त्या संध्याकाळी मी तुझ्याकडचे दिवे मोजणार.

आता नोरीनबद्दल. नोरीन थ्रेलफॉल, पलीकडच्या भिंतीची, जिच्या खोकल्यावर मी घड्याळ लावते. तिने तपकिरी पाकीट माझ्या हातात पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीतून सामान आणायला लागली. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे माणूस आजारी पडलं की सरकारी भांडारातून वॉकर येतो, उंच स्टूल येतं, न्हाणीतली खुर्ची येते. माणूस जातं. सामान जात नाही. फोन केला तर भांडारातला माणूस म्हणतो, वापरलेलं परत घेत नाही. टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. मग ते माळ्यावर, शेडमध्ये, कोळशाच्या जुन्या खोलीत उभं राहतं. आमच्या गल्लीत एकोणीस घरं आणि सामान निदान तीस माणसांचं आहे. मी स्वतः स्टुलासाठी ऑक्टोबरमध्येच अर्ज केला होता, माझा नंबर उन्हाळ्यात येईल म्हणाले. नोरीन म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत उभी राहून बटाटे सोलणार का? माझ्या आईचं स्टूल घे. ती काही मागायला येत नाही."

(या शेवटच्या वाक्याबद्दल मी नोरीनशी पुढे बोलले आहे.)

तर आलं काय काय: नोरीनच्या आईचं पुढे कललेलं उंच स्टूल, अर्धं बसल्या अर्धं उभ्या काम करायचं. लेडबेटरआजोबांचा वॉकर, ज्याच्या डाव्या मुठीला ते मासेमारीच्या दोरीची वीण घालून ठेवत. आणि स्वार्ब्रिकबाईंची हाकेची पेटी. म्हणजे ती क्रीम रंगाची पेटी गं, गळ्यातलं बटण दाबलं की जिच्यातून कुठूनतरी दूरच्या कचेरीतली बाई बोलते आणि विचारते, पडलात का. स्वार्ब्रिकबाईंना जाऊन दोन हिवाळे झाले. त्या पडल्या तेव्हा बटण गळ्यात नव्हतं, मुठीत होतं, दाबलेलं नव्हतं. नोरीन म्हणते, त्यांना त्रास द्यायचा नसेल. कुणाला, असं मी विचारलं. "त्या कचेरीतल्या बाईला," नोरीन म्हणाली. "रविवार होता ना."

सामान आलं आणि घर भरलं. मी भरलं म्हणते तेव्हा नुसतं सामानाने असं म्हणत नाही. वॉकर मी पुढच्या खोलीत सोफ्याजवळ ठेवला, तपासणीस बाईंना दिसावा म्हणून. दुपारी डोळा लागला, उठून बघते तर तो मागच्या खिडकीपाशी, तोंड खाडीकडे. वाटलं, मीच ठेवला असेन. माझ्या मेंदूत हल्ली तारा इकडच्या तिकडे लागतात, त्यामुळे असं वाटायला मला सोयीचं कारण आहे. पुन्हा पुढे आणला. पुन्हा मागे. चौथ्या दिवशी त्याच्या चारी पायांचे ओले ठसे फरशीवर होते, बोळातून खिडकीपर्यंत, आणि पाऊस आठवडाभर नव्हता. लेडबेटरआजोबा होड्या परतायच्या वेळी खिडकीशी उभे राहायचे हे मला लहानपणापासून माहीत आहे. आता होड्याच नाहीत, पण ते त्यांना कोण सांगणार. मी फक्त पडदा बाजूला केला. स्टुलाचं वेगळंच. ते हलत नाही. पण सकाळी स्वयंपाकघरात जाऊन त्यावर टेकलं की बैठक गरम लागते, आत्ताच कुणीतरी उठून जागा दिल्यासारखी. पहिल्या दिवशी मी किंचाळले नाही, फक्त "थँक यू" म्हणाले. बसमध्ये म्हणतो तसं. दुसरं काय म्हणणार?

पेटी मात्र गप्प होती. नोरीनने ती फोनशेजारी ठेवली, वायर सोफ्याखाली सारली आणि म्हणाली, चालू नाही, पण नुसती असली तरी घराला गांभीर्य येतं.

मग तालमी सुरू झाल्या. नोरीन तपासणीस व्हायची आणि मी मी. ती बाहेर जाऊन बेल वाजवायची, कोट घालून आत यायची आणि विचारायची, "काय, कशा आहात?" मी म्हणायचे, "बरी आहे, तुम्ही?" की ती कोट काढायची. "झालं. गाडी गेली. पुन्हा." सात वेळा गाडी गेली. आठव्या वेळी मी दात आवळून म्हणाले, "बरी नाही." ते इतकं उद्धट वाटलं की लगेच "माफ करा हं" म्हणाले. मग आम्ही उलट करून पाहिलं. मी तपासणीस, नोरीन रुग्ण. नोरीनच्या खुब्याची शस्त्रक्रिया दोनदा पुढे गेलेली आहे, जिना ती बसून उतरते, मला भिंतीतून ऐकू येतं, धप् धप् धप्, तेरा पायऱ्या. मी विचारलं, कशा आहात? नोरीन म्हणाली, "मस्त." मी अंगातला कोट काढून ठेवला.

मला तेव्हा आई आठवली. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. शेवटच्या सकाळी नर्सने तिला विचारलं, काही हवंय का? आई म्हणाली, "मी बरी आहे गं, तू त्या पलीकडच्या बाईंकडे बघ." पलीकडचा पलंग रिकामा होता. नर्सने चादर सारखी केल्यासारखं केलं आणि गेली. मी बघत राहिले त्या पलंगाकडे. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? की त्या बाई तरी मागत असतील ना, जे हवं ते.

नोरीनचे नियम होते: केस विंचरायचे नाहीत, घर आवरायचं नाही, चहाचं नाव काढायचं नाही. केसांचं मी पाळलं. घराचं कसं पाळणार? परकी बाई येणार, बसणार, तिची नजर खिडकीच्या काचेवर जाणार. आदल्या शनिवारी मी म्हटलं, एवढी एक काच पुसते. काच पुसली तर चौकट मळकट दिसायला लागली. चौकटीनंतर भिंतीच्या तळची पट्टी, मग गुडघ्यावर बसलेच आहे तर सोफ्याखालचं. तपासणीला येणाऱ्या बाईने "घर आवरता येतं का" असं विचारायच्या आत मी सगळं घर आवरून ठेवलं, आणि त्या पायी शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ सोफ्यावर पडून होते, उजवा पाय माझा नव्हता. नोरीनने येऊन पाहिलं. लखलखीत खोली आणि मधोमध मी. ती म्हणाली, "मूर्ख बाई." मग माझ्या अंगावर कोट घालून स्वतः गेली आणि वर्तमानपत्रं, दोन उष्टे कप आणि एक मोजा घेऊन आली आणि खोलीभर मांडले. पण तिलाही राहवेना. जाताना तिने कप विसळून ठेवले.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. धुकं इतकं की दारातल्या बाईंची आधी फक्त बॅग दिसली. इमेल्डा बर्न नाव, पूर्वी नर्स, बोलणं आयर्लंडचं, वय माझ्याएवढं किंवा दमल्यामुळे तसं दिसणारं. दार नोरीनने उघडलं (नियम). मी सोफ्यावर बसून होते (नियम). त्या आत आल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "कशा आहात?"

"बरी आहे, तक्रार नाही," मी म्हणाले.

मावशी, ते मी म्हटलं नाही, ते म्हटलं गेलं. जसं गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो (माझा डावा उडतो). नोरीनने डोळे मिटून घेतले. इमेल्डाबाईंनी संगणक उघडला. स्वतःपुरता साधा स्वयंपाक जमतो का? हो, चाललंय. आंघोळ? चाललंय. दोनशे मीटर चालता येतं का? म्हणजे, तसं. प्रत्येक उत्तराला मला माझी गाडी शेजाऱ्यांची एकेक खिडकी ओलांडून दूर जाताना दिसत होती, आणि तरी तोंड थांबत नव्हतं. खरं सांगणं म्हणजे त्या भल्या बाईच्या मांडीवर ओलं फडकं टाकण्यासारखं वाटत होतं. त्या लिहीत होत्या. माझ्याकडे बघून हसत होत्या. मी जास्तच बरी होत चालले होते. "चहा घेणार का?" असं मी म्हणाले, आणि उठायला सोफ्याच्या हातावर जोर दिला.

तेव्हा पेटी बोलली.

आधी एक श्वास. मग बाईचा आवाज, जवळचा, थोडा नाक चोंदलेला. "स्वार्ब्रिकबाई, ऐकू येतंय का? पडलात का?"

आम्ही तिघी पेटीकडे बघत राहिलो. तिच्यावरचा छोटा दिवा लागलेला नव्हता.

"स्वार्ब्रिकबाई कोण?" इमेल्डाबाईंनी हळू विचारलं.

"त्या नाहीत," नोरीन म्हणाली. "म्हणजे, दोन वर्षं नाहीत."

"स्वार्ब्रिकबाई, उत्तर द्यायला जमत नसेल तर काही हरकत नाही," आवाज म्हणाला. "घरात दुसरं कुणी आहे का?"

आता एखादी बाई विचारतेय आणि आपण उत्तर देत नाही हे कुठल्या शिस्तीत बसतं? मी म्हणाले, "मी आहे. रोवेना कॅटरल."

"रोवेना, तुम्ही पडलात का?"

त्या आवाजाला डोळे नव्हते, मावशी. त्याला माझी खोली दिसत नव्हती, काचा दिसत नव्हत्या, माझा चेहरा दिसत नव्हता. त्याच्यापुढे नीटनेटकं दिसायचं काही कारण नव्हतं. मी म्हणाले, "हो. गेल्या मंगळवारी. शेगडीजवळ."

"किती वेळ जमिनीवर होतात?"

"चाळीस मिनिटं. बटाटे करपले. वासावरून वेळ कळत होती."

"त्याआधी?"

मग मी सांगत गेले. त्याआधीच्या शुक्रवारी न्हाणीत पडले. कढईचं हँडल धरलंय हे बोटांना कळत नाही, म्हणून भाजलं की डोळ्यांनी बघून कळतं. जेवण म्हणजे बहुतेक दिवस थंड पाव आणि बीन्स, डबा नोरीन उघडून जाते. जिना दिवसातून एकदाच, म्हणून वर गेले की वरच. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते, परत येताना शाळेच्या भिंतीवर बसावं लागतं आणि पोरं विचारतात, काकू, हरवलात का. एकीकडे टपटप आवाज येत होता. मला वाटलं पेटीचा, पण तो इमेल्डाबाईंच्या बोटांचा होता. मी रडत नव्हते. फक्त आवाज उतरला होता, खालच्या मजल्यावर गेल्यासारखा. शेवटी पेटीतली बाई म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. आम्हाला त्रास नाही. रविवार असला तरी." आणि तो श्वास बंद झाला.

नोरीन भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. खुब्याची बाई तशी बसत नाही.

इमेल्डाबाई उठल्या, वाकल्या आणि सोफ्याखालची वायर ओढली. वायर आली, टोकाला प्लग आला, प्लगला मूठभर कापूस आणि धूळ. (सोफ्याखाली मी शनिवारी झाडलं होतं, हे मला तिथे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.) नोरीन खालूनच म्हणाली, "आत बॅटरी असेल." इमेल्डाबाईंनी बॅगेतल्या नखांच्या कात्रीने मागचं झाकण उघडलं. बॅटरीच्या जागी कागदात गुंडाळलेली एक खोकल्याची गोळी होती.

ती गोळी तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "हे मी अहवालात कसं लिहू?"

"लिहू नका," नोरीन म्हणाली. "स्वार्ब्रिकबाईंना नाव पुढे आलेलं आवडायचं नाही."

"तुमचं लिहिलंय," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही बोललात ते सगळं. कुणाशी बोललात ते विचारायला फॉर्मवर जागा नाही." आणि सामान कुणाकुणाचं हे मी न विचारता सांगून टाकलं तेव्हा त्यांनी मान हलवली, त्यांच्या स्वतःच्या आईचा वॉकरही अजून शेडमध्ये आहे म्हणाल्या. मग, तुम्ही दोघी बसा, असं म्हणून त्या चहा करायला आत गेल्या. किटलीचा आवाज आला, आणि मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ते स्टूल गरम आहे," त्या म्हणाल्या.

"हो, असतं," नोरीन म्हणाली. "तुम्ही 'थँक यू' म्हणालात ना?"

चहा त्यांनी ट्रेमध्ये आणला, तीन कप, बोळातून, सरळ. याची नोंद कुणी घेतली नाही. जाताना त्यांनी दारात सांगितलं की आज बोललात तसं वाईट दिवसांचं वर्णन तुम्हाला ओळखणाऱ्या कुणाकडून लेखी आलं तर वरचे लोक ऐकतात, नाहीतर ते मागचा ट्रे काढून दाखवतात. दहा दिवसांत हवं. आणि मग धुक्यात आधी त्या गेल्या, बॅग थोडी मागून.

तर अशी सगळी हकीकत. वॉकर खिडकीशी आहे, मी त्याला आता हलवत नाही. पेटी तशीच आहे, वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली, दिसेल अशी. गोळी मी परत आत ठेवली, कारण ती माझी नाही. घाबरतेस का, असं तू विचारशील. पहिल्या दिवशी घाबरले. आता वाटतं, या घरात जेवढे मेलेले आहेत ते सगळे मदत मागायला उशीर केलेले आहेत, आणि त्यांना आता कशाचीच लाज उरलेली नाही. अशी माणसं शेजारी असलेली बरी.

येत्या रविवारी येतेच आहे. काळजी घे, असं लिहायची रीत आहे, पण यावेळी मी रीतीने लिहीत नाही.

तुझी भाची,
रोवेना

ता. क. हे खरं पत्राच्या वर यायला हवं होतं, पण मागणं वर लिहायला हात धजला नाही. ते लेखी पत्र तुझ्याकडून हवंय. मला ओळखणारी तूच उरलीस. पण मावशी, मागच्या वेळचं नको. मागच्या वेळी तू लिहिलंस, "रोवेना म्हणजे आमच्या घराण्याचं रत्न. आईवर गेलीय. आजवर कुणापुढे हात पसरला नाही आणि पसरणारही नाही." त्यांनी ते वाक्य निकालपत्रात जसंच्या तसं उतरवलं होतं, ट्रेच्या खाली. मला ते अजून आवडतं, तरी नको. गेल्या ऑगस्टमध्ये तुझ्या दारात माझे पाय गेले आणि तू मला बगलेत धरून आत नेलंस, तेवढंच लिही. कौतुक काढून लिही. अवघड जाईल. सरावासाठी आधी स्वतःबद्दल एक खरं वाक्य लिहून बघ, ते मला दाखवायची गरज नाही.

ता. क. दुसरा. वरचं मागणं तूर्त राहू दे. हे पत्र मी घडी घालत होते, साडेदहा झाले होते, आणि पेटीने श्वास घेतला. म्हटलं, स्वार्ब्रिकबाईंनाच विचारणार. पण ती म्हणाली, "एव्हिस, ऐकू येतंय का? पडलात का?" मी म्हणाले, एव्हिस माझी मावशी, ती खाडीपलीकडे राहते, तिच्याकडे अशी पेटी नाही, आणि ती ठणठणीत आहे.  आवाज म्हणाला, "असं त्या म्हणतात का?"

मी लगेच तुला फोन केला. तू उचललास, अकराव्या घंटीला. म्हणालीस, बरी आहे गं, मला काय होतंय, चहा ठेवत होते. पण किटलीचा आवाज नव्हता. आणि घड्याळ, मावशी. ते दूर होतं. ते वर कुठेतरी, छताजवळ टकटकत होतं.

तुझ्या शेजारच्या पॉस्टलथवेटना फोन केला आहे, ते किल्ली घेऊन येताहेत. त्यांना "ठीक आहे" म्हणून दारातून परत पाठवू नकोस. नोरीनने गाडी पुसून दिली, कशाला कोण जाणे. आज पाय माझे आहेत. पत्र टपालात टाकत नाही, बरोबर आणते, तुझ्या हातात देऊन आत जाते. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा करत असेन. ट्रे आणणार नाही, एकेक कप आणीन, दोन फेऱ्या होतील. पहिला कप घेऊन येईन तेव्हा मला सांग, किती वेळ जमिनीवर होतीस.